गव्हर्नरसाहेबांची यॉट

मुंबईस गेटवे ऑफ इंडियापाशी किंवा गोव्यात मांडवीच्या मुखाशी उभे राहिले असता पांढऱ्याशुभ्र विलासनौका दृष्टीस पडतात. ताशी भाडे भरावे, चार स्नेही बरोबर घ्यावेत आणि बेटाभोवती फेरी मारून सूर्यास्त पाहून परत यावे. या नौकांना यॉट म्हणतात. शब्द मूळचा डच. पण त्याच्या धात्वर्थाचा विलासाशी काही संबंध नाही. तो शिकारीचा, पाठलागाचा आहे. हॉलंडच्या उथळ पाण्यात शत्रूमागे धावणारी चपळ नौका ती यॉट. १६६० साली आम्स्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास ‘मेरी’ नावाची अशी एक नौका नजर केली आणि राजास नौकाविहाराचा छंद जडला. याच राजाला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात मुंबई बेट आंदण मिळाले, आणि १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीस सालिना दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. नौका भाड्याने घेणारे पुष्कळ आढळतील. अख्खे बेटच भाड्याने घेणारी ही मंडळी निराळी!

या बेटावरील गव्हर्नरासही आपली यॉट असे. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या वडगाव-शहापूर भागात मागांच्या आवाजात वाढलेल्या माणसास समुद्राचे काय, असे श्रोत्यांस वाटेल. परंतु घाटमाथ्यावरच्या मालाची वाट त्या काळीही समुद्राकडेच उतरत असे. सोंद्याची मिरी, हुबळीकडचे कापड हे सारे कारवारच्या बंदरात जाई, आणि तेथे इंग्रजांची वखार होती. १७१२ साली या वखारीवर टॉमस चाऊन नावाचा अधिकारी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी तो व त्याची पत्नी कॅथरिन ही दोघे समुद्रप्रवासास निघाली. ताफ्यात ‘ॲन’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे गलबत होते, आणि सोबत गव्हर्नर विल्यम एस्लबी याची सशस्त्र यॉट ‘आल्जेरीन’. गव्हर्नराचे निशाण डोलकाठीवर असता हात लावण्याची छाती कोणाची, असा हिशेब असावा.

तो चुकला. ४ नोव्हेंबर रोजी सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने ताफा गाठला. आंग्र्यांच्या गुराबांचा तळ उथळ असे व नाळेवरून पुढे तोफा डागता येत. वारा पडला तर वल्ह्यांची गलबते या गुराबांना ओढून नेत. शिडांवर सर्वस्वी विसंबणारे जहाज अशा वेळी पांगळे होई. लढाईत तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात तुटला आणि रक्तस्राव होऊन त्याने पत्नीच्या मांडीवर प्राण सोडला. यॉट पाडाव झाली, आणि कॅथरिन कैदी होऊन कुलाब्यास आली. हा तोच अलिबागचा कोट, ज्याकडे ओहोटीस पायी जाता येते व भरतीस जो बेट होतो.

इंग्रज ग्रंथकारांनी या प्रसंगावरून कान्होजींस चाचा ठरवून टाकले. हे मान्य करता येत नाही. किनाऱ्यावरील व्यापाऱ्याने दस्तक घ्यावे, शुल्क भरावे आणि निर्धास्त जावे, असा आंग्र्यांचा नियम होता. हा नियम काही त्यांनी नवा काढला नाही. दोनशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ या नावाने तोच चालू केला होता, आणि परवान्यावाचून जाणारे जहाज ते खुशाल लुटीत. पोर्तुगीज हे माझे धर्मबंधू खरे, पण म्हणून सत्य झाकण्याचे कारण नाही. एकाने केले ते राज्य आणि दुसऱ्याने केले ती चाचेगिरी, हा कोणता न्याय? इंग्रजी निशाणाच्या आश्रयाखाली इतरांचाही माल जाऊ लागला, की आंग्र्यांच्या दस्तकास अर्थच उरत नव्हता. भांडण होते ते निशाणाचे.

तथापि आपल्या सरखेलांच्या अभिमानापोटी कुलाब्यातील त्या कैदी स्त्रीकडे पाठ फिरवणेही बरे नव्हे. १७०९ साली ती आईबापांबरोबर बंगालकडे जात असता जहाज कारवारास थांबले होते. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. वखारीचा तत्कालीन प्रमुख जॉन हार्वी वयस्क व देहाने बेढब होता, परंतु पैसेवाला होता. आईबापांनी मुलगी त्यास दिली आणि ते पुढे निघून गेले. हार्वी वारला, चाऊनशी तिचा विवाह झाला, आणि वर्ष उलटण्यापूर्वी हाही गेला. कुलाब्यास आली तेव्हा ती गरोदर होती. बाला-जरठ विवाहावर आपल्याकडे नाटक रंगले, कायदे झाले. पण ही चाल केवळ आपलीच होती असे समजण्याचे कारण नाही.

मुंबईकरांना तिच्या सुटकेची काळजी होतीच, आणि कान्होजींनाही तह हवा होता. साताऱ्याकडे शाहू महाराजांचे आसन स्थिरावत होते व त्यांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्याच वर्षी आंग्र्यांवर चालून जाणार होते; घरातील तंट्याच्या वेळी बाहेरचा एक शत्रू कमी केलेला बरा, असा विचार असावा. १७१३ च्या फेब्रुवारीत बोलणी पुरी झाली. तीस हजार रुपये खंडणी ठरली. लेफ्टनंट मॅकिंटॉश ती घेऊन गेला आणि कैदी सुटले. तहातील एक कलम मला खंडणीहून अधिक बोलके वाटते. जी जहाजे खरोखर इंग्रजांच्या मालकीची असतील त्यांनीच इंग्रजी निशाण लावावे, इतरांस ते लावू देऊ नये, असे इंग्रजांनी कबूल केले. चाच्याशी कोणी असला करार करीत नाही.

करार फार दिवस टिकला नाही. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते खुद्द कुलाब्यावर आले आणि तेथूनही हात हलवीत परतले. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर त्यांच्या एकाही मुख्य दुर्गावर इंग्रजी निशाण लागले नव्हते.

कॅथरिनने तिसरा विवाह केला तो विल्यम गिफर्ड याच्याशी. तो केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगोच्या वखारीचा मुख्य झाला. १७२१ च्या एप्रिलात अत्तिंगलच्या राणीस नजराणा देण्यास गेला असता तो सोबत्यांसह मारला गेला. कॅथरिन पुन्हा समुद्रावर आली. या वेळी सोबत यॉट नव्हती, आरमार नव्हते. एका लहानशा देशी गलबतातून ती मद्रासेकडे निघाली.