पाण्याच्या नादाचे शब्द

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, आणि मिठागरांसाठीं या भागाचा लौकिक जुना. चोहोंकडे पाणी असूनही पिण्याचें पाणी मात्र दूरवरून नळांनीं येतें. विहिरींत घागर बुडविण्याचा प्रसंग नव्या पिढीस क्वचितच येतो. त्या घागरीबरोबर भाषेचें एक जुनें धन मागें पडत आहे. तें म्हणजे पाण्याच्या नादावरून घडलेले शब्द.

अशा शब्दांचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. 'काक' हें नांव कावळ्याच्या ओरडण्यावरून पडलें, असें यास्काचार्यांनीं निरुक्तांत म्हटलें. औपमन्यवांस मात्र नादानुकरणानें शब्द बनतो हेंच मान्य नव्हतें. मराठीनें हा वाद केव्हांच निकालांत काढला. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या आणि १८५७ सालीं वाढवून निघालेल्या कोशांत 'खळखळ', 'भळभळ' यांसारखे शब्द इतर प्रतिष्ठित शब्दांच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत.

हे शब्द केवळ बालभाषा नव्हेत. प्रत्येकाच्या मागें कारण आहे. घागर बुडूं लागली कीं पाणी आंत शिरतें आणि कोंडलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, म्हणून 'बुडबुड'. 'बुडबुड घागरी' या बालकथेंत हाच शब्द नादही आहे आणि बुडण्याची आज्ञाही! रुंद तोंडाच्या भांड्यांतून हवेचा अडथळा नसतो, म्हणून पाणी 'भडाभडा' सांडतें. थेंबाच्या 'टपटप' नादाचें मर्म केंब्रिज विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं उलगडलें: थेंब पडतांना पाण्याखालीं हवेचा लहानसा बुडबुडा अडकतो व त्याच्या कंपनानें तो नाद उठतो.

पुढें या नादांचीं नामें झालीं; 'धबधबा' आणि 'बुडबुडा' हीं त्यांपैकींच. मग ते माणसाच्या अंतःकरणांत शिरले. मनुष्य खळखळून हसतो, घळाघळा आसवें गाळतो, मनांतलें भडाभडा बोलून टाकतो.

कोश अक्षरें राखतो, नाद राखीत नाहीं. तो कानानेंच राखावा लागतो. ज्यानें घागर बुडतांना ऐकली नाहीं, त्यास 'बुडबुड' आणि 'भडभड' यांतील अंतर कोण समजावणार? शिक्षकांनीं एखादे दिवशीं वर्गांत एक चंबू व एक बादली न्यावी, दोहोंतील पाणी ओतून दाखवावें, आणि शब्द मुलांनाच सांगूं द्यावा.