शोभायात्रेचा युवादूत : मान आणि जबाबदारी

मिरवणूक आणि उत्सव यांचे नाते मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. आषाढी वारीतील दिंडी, गणेशोत्सवातील विसर्जन मिरवणूक, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, चौदा एप्रिलची जयंतीची मिरवणूक, साहित्य संमेलनाची ग्रंथदिंडी. या प्रत्येक प्रसंगी समाज घराबाहेर पडून आपले रूप जगाला दाखवीत असतो. या मिरवणुकांच्या अग्रभागी बहुधा मुले-मुलीच असतात. कुणाच्या हाती ध्वज असतो, कुणी लेझीम खेळते, कुणी संतांच्या किंवा समाजसुधारकांच्या वेषात चालते. मात्र या मुलांनी नेमके कुणाचे आणि कशाचे प्रतिनिधित्व करायचे आहे, हे त्यांना सांगितले जातेच असे नाही. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण सांगण्यासारखे पुष्कळ, पण सांगणारे मोजके, अशी अशा गावांची स्थिती असते.

युवादूत म्हणजे कोण?

अनेक पाश्चात्य शहरांत सामुदायिक संचलनासाठी 'युवादूत' निवडण्याची प्रथा रुजलेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पासाडेना शहरात १८९० पासून नववर्षाच्या प्रारंभी गुलाबपुष्पांचे संचलन निघते. त्यासाठी परिसरातील तरुणांमधून एक छोटे मंडळ निवडले जाते. संचलनाच्या दिवशी सजविलेल्या रथावर बसणे हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग असतो. त्याआधीचे काही महिने शाळा, सेवाभावी संस्था व सार्वजनिक कार्यक्रमांतून ते शहराच्या वतीने लोकांना भेटत असतात.

न्यूयॉर्कमध्ये १९८१ पासून भारतीय स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास निघणाऱ्या संचलनात 'ग्रँड मार्शल' असतो. तेथे बहुधा एखाद्या नामवंत पाहुण्याला हा मान मिळतो. पाहुणा आणि दूत यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. पाहुणा आपल्या कीर्तीने मिरवणुकीची शोभा वाढवितो. युवादूत त्याच समाजातून आलेला असतो, त्याला स्वतःची कीर्ती नसते आणि तो ज्यांच्या वतीने बोलतो त्यांच्यामध्येच त्याला पुढेही राहायचे असते. म्हणूनच त्याच्या तोंडून गेलेल्या चुकीच्या शब्दाचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

आपल्या परंपरेतील दूत

हे पद आपल्याकडे नावाने नवे असले तरी कामाने जुने आहे. वारीच्या दिंडीत विणेकरी, पताकाधारी, टाळकरी, चोपदार आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया यांची स्थाने व कर्तव्ये ठरलेली असतात. चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समुदाय शांत होतो. ही सत्ता त्याला सेवेतून व शिस्तीतून प्राप्त झालेली असते. ज्याच्या हाती पताका, त्याने रांग मोडायची नाही, हा संस्कार दिंडीत चालणाऱ्या लहान मुलालाही मिळतो.

शहरी समाजाने ही पद्धत आपल्या परीने पुढे नेली. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढे ठाणे, गिरगाव यांसह अनेक ठिकाणी तिचे अनुकरण झाले. या यात्रांच्या नियोजनाचा मोठा भार तरुण स्वयंसेवक वाहतात. मात्र छायाचित्रात येतो तो ध्वजधारी. मार्गावर पाणी पुरविणारा आणि चौकात गर्दी आवरणारा सहसा येत नाही. युवादूताची खरी ओळख करून घ्यायची तर हे दोघेही पाहिले पाहिजेत.

ग्रंथदिंडीचा प्रदेश

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरलेल्या ग्रंथकार संमेलनापर्यंत मागे जाते. अलीकडच्या काळात संमेलनाचा प्रारंभ ग्रंथदिंडीने करण्याची प्रथा सर्वत्र दृढ झाली आहे. सजविलेल्या पालखीत ग्रंथ ठेवले जातात आणि शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी तिच्यापुढे चालतात. देवाच्या जागी ग्रंथ ठेवणारी ही मिरवणूक महाराष्ट्राचे एक वेगळेपण मानावे लागेल.

धर्मापुरी ज्या परिसरात वसली आहे, त्या परिसराला हा मान दोनदा लाभला. १९८३ मध्ये अंबाजोगाई येथे व्यंकटेश माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि १९९८ मध्ये परळी वैजनाथ येथे द. मा. मिरासदार यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले. ग्रामीण जीवनाचे दोन श्रेष्ठ कथाकार या भूमीत अध्यक्ष म्हणून यावेत, हा सुरेख योग होय. अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, तसेच लांबलचक वस्त्रावर पासोडी लिहिणाऱ्या दासोपंतांचीही आहे. भाषेचा इतका जुना वारसा असलेल्या प्रदेशातील मुलांनी ग्रंथदिंडीत केवळ वेषभूषा करून चालावे, हे पुरेसे नाही.

महोत्सवांची वाट

आजच्या विद्यार्थ्याला प्रतिनिधित्वाची संधी देणारी आणखी एक व्यवस्था म्हणजे युवक महोत्सव. बीड जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. विद्यापीठाच्या महोत्सवातून निवडलेला संघ राज्यातील विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात जातो. आंतरविद्यापीठ महोत्सवांत सांस्कृतिक शोभायात्रेला स्वतंत्र स्थान असते आणि तेथे प्रत्येक संघ आपल्या प्रदेशाचे दर्शन घडवितो.

राष्ट्रीय पातळीवर स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त १९९५ पासून राष्ट्रीय युवा महोत्सव भरविला जाऊ लागला. २०२४ मध्ये तो नाशिक येथे झाला. २०२५ मध्ये त्याला दिल्लीत तरुणांच्या संवादमेळाव्याचे नवे रूप देण्यात आले. राष्ट्रीय सेवा योजनेचा मार्गही उपयुक्त आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे समाजकार्य करावयाचे असते. सात दिवसांचे विशेष शिबिर सहसा दत्तक घेतलेल्या गावात होते. त्या सात दिवसांत एखाद्या गावाच्या वास्तूंची, बारवांची आणि लोकस्मृतीची नोंद करता आली, तर शोभायात्रेतील पुढचा चित्ररथ त्या नोंदींवर उभा राहू शकेल.

धर्मापुरीचा दूत काय सांगेल?

अंबाजोगाईहून अहमदपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर असलेल्या धर्मापुरीत केदारेश्वराचे प्राचीन मंदिर आणि एक किल्ला आहे. मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील असून त्याच्या भिंतींवरील शिल्पे अभ्यासकांना आकर्षित करतात. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आज कर्नाटकातील बसवकल्याण. तेव्हा धर्मापुरीचा विद्यार्थी आपल्या गावाची गोष्ट सांगू लागला, की ती आपोआप आजच्या राज्यसीमेच्या पलीकडे जाते. मराठी आणि कन्नड प्रदेशांचे मध्ययुगीन नाते समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेरूळ-अजिंठा ठाऊक असते. परळीचे ज्योतिर्लिंग आणि अंबाजोगाईची योगेश्वरीही ठाऊक असते. त्या वाटेवरची धर्मापुरी मात्र अनेकदा बसच्या खिडकीतून मागे पडते. गावातील एखादी मुलगी महोत्सवात उभी राहून दोन मिनिटे नेमकेपणाने बोलली, तर त्या श्रोत्यांपैकी चार जण पुढच्या प्रवासात तेथे उतरतील. युवादूताच्या कामाचे मोल असे मोजावे.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. अभिमानाच्या भरात दंतकथा इतिहास म्हणून सांगितली जाते. मुकुंदराजांचेच उदाहरण घ्यावे. 'विवेकसिंधु'चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. परंतु त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि विदर्भातील अंभोऱ्याचाही मुकुंदराजांवर हक्क सांगितला जातो. चांगला दूत हे झाकून ठेवीत नाही. "आमच्याकडे असे मानतात" आणि "शिलालेखात असे लिहिले आहे" या दोन वाक्यांतील अंतर त्याला कळते. ते कळले की पाहुण्यांचा त्याच्यावरील विश्वास वाढतो.

तयारी कशी करावी?

पहिली पायरी ऐकण्याची. गावातील वृद्ध, शिक्षक, मंदिराची व्यवस्था पाहणारे आणि बारा बलुत्यांच्या घरांतील जाणती माणसे यांच्याकडून आठवणी टिपून घ्याव्यात. दुसरी पायरी पडताळणीची. जिल्हा गॅझेटियर, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि इतिहासाचे प्राध्यापक यांच्याकडे ती माहिती तपासावी. तिसरी पायरी बोलण्याची. दोन मिनिटांचे निवेदन प्रमाण मराठीत आणि हिंदी किंवा इंग्रजीत तयार ठेवावे, मात्र मराठवाडी बोलीतील ठेवणीचे शब्द त्यातून गाळू नयेत. आपल्या बोलीची लाज वाटणारा प्रतिनिधी आपल्या गावाची गोष्ट खुलवून सांगू शकत नाही.

निवडीची पद्धतही उघड असावी. देणगीदाराचा मुलगा किंवा पुढाऱ्याची पुतणी म्हणून ध्वज हाती आला, तर बाकीच्या मुलांना त्यातून चुकीचा धडा मिळतो. वक्तृत्व, माहिती आणि वर्षभराचे काम या तीन कसोट्या आधी जाहीर केल्यास तक्रारीला जागा उरत नाही. मुलींना केवळ औक्षणासाठी व कलश घेण्यासाठी उभे करून निवेदन मुलांकडे देण्याची सवयही आता सोडली पाहिजे.

मार्ग, आवाज आणि सुरक्षितता

शोभायात्रा कोणत्या रस्त्याने जाते, यावरून गाव कुणाला आपले मानते हे दिसते. मुख्य पेठेतून निघून वेशीवर संपणारी आणि काही वस्त्यांना वळसा घालणारी यात्रा स्वतःला संपूर्ण गावाची म्हणवू शकत नाही. सर्व वस्त्यांतून मार्ग जावा आणि पालखीला सर्वांचा खांदा लागावा, असा आग्रह युवादूताने संयोजकांपुढे नम्रपणे पण स्पष्टपणे धरावा. मोठ्यांना हे सांगणे सोपे नसते. परंतु ज्याला सर्वांच्या वतीने बोलायचे आहे, त्याला हे टाळता येणार नाही.

ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० पासून लागू आहेत. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई असून निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. ढोल, लेझीम आणि भजनाची शिस्तबद्ध पथके असतील, तर कानठळ्या बसविणाऱ्या भिंतींची गरज भासत नाही. प्राचीन वास्तूच्या आवारात कार्यक्रम करायचा असल्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी. शिल्पांना गुलाल, शेंदूर वा तेल लागणार नाही याचीही काळजी घ्यावी. मराठवाड्याचे ऊन लक्षात घेऊन लहान मुलांसाठी सावली, पाणी, पादत्राणे आणि प्रथमोपचार यांची सोय अनिवार्य समजावी. अनवाणी चालविलेल्या मुलाच्या पायाला फोड आले, तर त्या यात्रेच्या शोभेला काही अर्थ राहत नाही.

यात्रेनंतर

मिरवणूक संपते, मांडव उतरतो, फेटे घरोघरी परत जातात. युवादूताचे काम मात्र तेथे संपत नाही. जमविलेल्या नोंदी शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, पुढच्या वर्षीच्या प्रतिनिधीला त्या समजावून द्याव्यात आणि गावात आलेल्या पाहुण्याला मंदिर दाखविण्यासाठी वेळ काढावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाला आधार असलेला वारसा मोठ्या शहरांइतकाच धर्मापुरीसारख्या गावांतही आहे. तो ओळखून सांगणारी तरुण मुले गावोगावी तयार झाली, तर एका दिवसाच्या शोभायात्रेतून वर्षभर टिकणारे काहीतरी गावाच्या हाती लागेल.