किमान म्हणजे किती?

मी भिवंडीत यंत्रमागावर काम करतो. बारा तासांची पाळी, आठ माग, मजुरी मीटरवर. तार तुटली, वीज गेली, बीम उशिरा आला की मीटर थांबतं आणि मजुरीही थांबते. पोट मात्र थांबत नाही. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि विहारातल्या कपाटात झालं. तेव्हा हा इतिहास विद्वानाचा नाही. पंधरवड्याला पैसे मोजून घेणाऱ्या माणसाचा आहे.

माझा पणजोबा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होता. साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, आपल्या माणसाला घेत नसत. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे. महाराच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कोण लावणार? यंत्र विलायतेचं, विटाळ इथला. आणि साचेखात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याला रुपयात निघत होती, ती आपल्या खिशातून जात होती.

1928 साली मालकांनी कार्यक्षमतेचा घोशा लावला. विणकराने दोनाच्या जागी तीन साचे बघायचे, रिंगवाल्याने एकाच्या जागी दोन बाजू सांभाळायच्या. माणसं कमी, काम जास्त. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. त्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना अडचणीचा सवाल टाकला: विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? मालक साचे मोजत होता, पुढारी पगार मोजत होते. साच्यापर्यंत पोचूच न दिलेला माणूस कोणाच्याच मोजणीत नव्हता.

पुढे 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. एप्रिल 1946 मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं. ते 1948 साली कायदा झालं तेव्हा श्रममंत्री होते जगजीवनराम. या कायद्याला जोडलेली कामांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या वस्तीची हजेरी घेतल्यासारखं वाटलं. कातडी कमावणं. विडी वळणं. खडी फोडणं. रस्ते आणि बांधकाम. नगरपालिकेची कामं. तेलाच्या गिरण्या, भाताच्या गिरण्या. आणि दुसऱ्या भागात शेतमजुरी. जिथे युनियन नाही, जिथे मजूर भाव करू शकत नाही, तिथे सरकारने तळाची रेघ मारायची, हा त्यामागचा विचार. शेतमजुराची रेघ मारायला तीन वर्षांची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. बागायतदाराला घाई नव्हती.

त्या कायद्यातली दोन कलमं मला पाठ आहेत. कलम 15: मालकाने काम दिलं नाही म्हणून दिवस अर्धा गेला, तरी मजुरी पूर्ण. कलम 17: काम नगावर असलं तरी, नगाचा किमान दर ठरलेला नसेल तिथे, वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येणार नाही. साध्या भाषेत सांगायचं तर उत्पादन वाढलं तर वरचे पैसे द्या, पण उत्पादनाच्या नावाखाली तळ खोदू नका.

तळ किती खोल, ते 1957 च्या जुलैत पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं. माणशी रोज 2700 उष्मांक. चौघांच्या घराला वर्षाला 72 वार कापड. घरभाडं. जळण, दिवाबत्ती वगैरेला एकूण वेतनाच्या वीस टक्के. चौघं म्हणजे हिशेबात तीन माणसं: नवरा 1, बायको 0.8, दोन पोरं प्रत्येकी 0.6. याच परिषदेत गिरण्यांच्या सुधारणेच्याही अटी ठरल्या: कामगार कमी करायचे नाहीत, फायद्याचा वाटा कामगारालाही द्यायचा. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उत्पादकता परिषद निघाली. कागदावर पोट आणि उत्पादन शेजारी शेजारी बसले होते. शेडमध्ये मात्र उत्पादन पोटाच्या छातीवर बसलं.

राजस्थानातल्या अजमेर भागाच्या दोन गोष्टी सांगतो. एका कापडगिरणीच्या मालकाने सुप्रीम कोर्टात म्हटलं, किमान वेतन मला परवडत नाही, आणि माझे कामगार कमी पैशात यायला तयार आहेत. 1954 साली कोर्टाने त्याचं ऐकलं नाही. उपाशी माणसाच्या होकाराला होकार म्हणत नाहीत, हा त्या निकालाचा मी काढलेला अर्थ.

दुसरी गोष्ट दुष्काळी कामाची. रस्त्यावर मजूर, त्यात आपल्या बाया पुष्कळ. किमान मजुरी रोज 7 रुपये. पण वीस जणांची टोळी करून दर पंधरवड्याला काम मोजायचे आणि मोजमाप कमी भरलं की सगळ्यांचेच पैसे कापायचे. कापणारं खुद्द सरकार. 1983 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमानापेक्षा कमी देऊन राबवणं ही वेठबिगारी आहे, दुष्काळ असला तरी. राज्यघटनेचं कलम 23 हेच सांगतं.

माझ्या आजीने 1972 च्या दुष्काळात अशीच खडी फोडली. ढीग मोजून पैसे. मी तिला तीन माणसांचा हिशेब वाचून दाखवला. ती म्हणाली, "घण नवऱ्याच्या घणाएवढाच होता की. मग मी पाऊण का रं? आन् आता म्हातारी झाले, तर त्या चौघांत मी कुठं हाय?" मी पान उलटून बघितलं. आई-बाप, आजी कुठेच नव्हते.

आता माझी गोष्ट. 2023 च्या पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये बीम वेळेवर येईनात. आम्ही रोज हजर, माग उभे. पंधरवड्याची मजुरी किमानाच्या खूप खाली आली. मी कलम 15 आणि 17 ची झेरॉक्स काढून शेठपुढे ठेवली. शेठ म्हणाला, "माग चालला नाही तर पैसा कुठून देऊ?" सत्तर वर्षांपूर्वीचा अजमेरचा मालकच समोर बसलेला. मुकादम कानाशी लागला, "जाऊ दे ना, कमीत भागव, माग तरी राहील." सहीला तिघं पुढे आलो. फरक मिळाला. मला मात्र महिनाभर माग मिळाला नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. जुनी यादी गेली, किमान वेतन आता सगळ्याच कामगारांना, असं ती म्हणते. चांगलं आहे. पण पणजोबाला साचा शिवू दिला नाही, आणि मला आठ माग दिले तेव्हा मागाचा पगार तळाला गेला होता. कागद बदलला म्हणून हिशेब आपोआप बदलत नाही.

म्हणून भावांनो, बायांनो, पुढच्या पंधरवड्याला एवढंच करा. मीटर मोजू नका, ते शेठ मोजतोच. घरी जाऊन ताटं मोजा. आजीचं ताट धरून. आणि मग तो आकडा घेऊन शेडमध्ये या. एकट्याने येऊ नका.