नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 मध्ये, ब्रिटिश राजवटीत सुरू झाले. लोकांच्या तोंडी ते ‘पागलखाना’च राहिले, जवळच्या चौकालाही तेच नाव पडले. मनोरुग्णांविषयीच्या 1858 च्या आणि नंतर 1912 च्या कायद्यात भर कोंडून ठेवण्यावर होता. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने माणूस आत जाई. 1987 च्या कायद्याने स्वेच्छेने दाखल होणे सोपे केले. 2017 च्या कायद्याने रुग्णाचे हक्क स्पष्ट केले: स्वतःचे कपडे घालता यावेत, सक्तीने मुंडण होऊ नये, साखळदंड नसावेत, कामाचा मोबदला मिळावा, आप्तांशी बोलता यावे. तरी बरा झालेला रुग्ण घरी परततो तो घरच्यांनी दार उघडले तरच. ते कायद्याच्या हाती नाही.