गालगुंड नावाची भाषा

संगणकाच्या एका भाषेचे नाव 'मम्प्स' आहे. मम्प्स म्हणजे आपले गालगुंड! नाव ठेवणाऱ्यांनी थट्टेने नव्हे, तर (निदान वरकरणी) गंभीरपणे ठेवले होते, कारण ही आद्याक्षरे आहेत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६६-६७ च्या सुमारास डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो आणि त्यांच्या सोबत्यांनी ती तयार केली. रुग्णालयाच्या आणि प्रणालीच्या इंग्रजी नावातली अक्षरे घेतली आणि झाले गालगुंड.

निराळी भाषा कशाला हवी होती, हे मला माझ्या पद्धतीने समजले. आम्ही शिक्षक हजेरीपटावर आयुष्य काढलेली माणसे. हजेरीपटात प्रत्येक मुलाला सारख्याच चौकटी. चाळीस मुले, तीस दिवस, आडव्या-उभ्या रेघा मारल्या की काम झाले. पण रुग्ण असा चौकटीत बसत नाही. एकाच्या नावावर दोन नोंदी, तर मधुमेहाने जुनाट झालेल्या दुसऱ्याच्या नावावर दोन हजार. एकाचे रक्त दहा वेळा तपासलेले, दुसऱ्याचे एकदाही नाही. सगळ्यांना सारख्या चौकटी आखल्या तर निम्मा कागद कोराच राहणार. मम्प्समध्ये नोंदी झाडासारख्या वाढतात. जिथे फांदी फुटेल तिथेच जागा लागते. शिवाय त्या काळच्या तुटपुंज्या यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करू शकत.

त्याच सुमारास, १९६८ साली, डॉ. लॉरेन्स वीड यांचा एक गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. वैद्यकीय नोंद ही वाट दाखवणारी आणि शिकवणारी हवी, असा त्याच्या शीर्षकाचाच आशय. शिकवणारी! मला हा माणूस तिथेच आवडला. त्यांचे म्हणणे साधे होते. आधी रुग्णाच्या अडचणींची यादी करा आणि मग प्रत्येक अडचणीखाली चार गोष्टी लिहा : रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून तुम्हाला काय वाटते आणि पुढे काय करणार. आजही जगभरातले डॉक्टर पुष्कळदा याच क्रमाने लिहितात.

पण माझ्या मनात घर करून बसली ती पुढची हकीकत.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे मोठे जाळे आहे. १९७७ पासून तिथल्या काही डॉक्टरांनी आणि प्रोग्रॅमरांनी मम्प्समध्ये छोटे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले. प्रोग्रॅमर वॉर्डाच्या शेजारी बसत. डॉक्टर म्हणे, हे असे नको, तसे हवे. की ते बदलून देत. हे वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती संगणक कार्यालयाला कसे रुचावे? त्यांच्या मते संगणक म्हणजे मुख्यालयातले मोठे यंत्र आणि त्यावर त्यांचीच सत्ता. काम बंद करण्याचे हुकूम निघाले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. तरीही मंडळी गुपचूप प्रोग्रॅम लिहीत आणि एकमेकांच्या रुग्णालयांना पोचवत राहिली. त्यांना नाव पडले 'अंडरग्राउंड रेलरोड'. एकोणिसाव्या शतकात गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याचे हे नाव. अखेर १९८२ मध्ये वरिष्ठांनी या उद्योगाला अधिकृत मान्यता दिली. पुढे त्याचेच 'व्हिस्टा' झाले.

साहेबाच्या नाकावर टिच्चून केलेले काम मला नेहमीच गोड वाटत आले आहे, हे आमच्या माजी मुख्याध्यापकांना सांगू नका!

१९९२ मध्ये कॅन्सास राज्यातल्या टोपेका इथल्या अशाच एका रुग्णालयातल्या परिचारिका सू किनिक यांनी भाड्याची मोटार परत केली. कर्मचाऱ्याने हातातले यंत्र मोटारीवरच्या पट्टेदार खुणेवर धरले की हिशेब पुरा. त्यांना वाटले, मोटारीला जमते ते औषधाला का नाही? त्यातून निघाली रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचे पाकीट दोन्ही तपासून मगच औषध देण्याची पद्धत. माणूस चुकीचा, औषध चुकीचे किंवा वेळ चुकीची असली की संगणक टोकतो. २००० सालच्या सुमारास ती त्या सर्व रुग्णालयांत पोचली.

हे वाचताना मी थांबले. यांच्या शेवटच्या आजारपणात एका औषधाने अंगभर गांधी उठल्या होत्या. पहिल्या दवाखान्यातल्या कार्डावर ते तांबड्या शाईने लिहिले होते. दुसऱ्या रुग्णालयात ते कार्ड आमच्या प्लास्टिकच्या पिशवीत तळाशी, आणि यांच्यासाठी तेच औषध सुईत भरलेले. रात्रपाळीच्या सिस्टरने "यापूर्वी काही त्रास?" असे सहज विचारले म्हणून निभावले. एका प्रश्नावर माणूस तरला. तो प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारेलच, असे कसे धरून चालायचे?

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडाले. असंख्य दवाखान्यांच्या कागदी फायली पाण्यात गेल्या. माजी सैनिकांच्या नोंदी मात्र व्हिस्टात असल्यामुळे दूरच्या गावांतल्या डॉक्टरांनाही थोड्याच दिवसांत दिसू लागल्या. कोणाला कोणती गोळी चालू होती, ते त्याला आठवावे लागले नाही. आणखी म्हणजे, सरकारी पैशाने केलेले हे काम कोणालाही फुकट घेता येत होते. जॉर्डन देशाने २००९ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांसाठी तेच घेतले.

आणि तरीही २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने व्हिस्टा काढून सर्नर कंपनीची प्रणाली आणण्याचा करार केला. कारणे अगदीच पोकळ नव्हती. व्हिस्टा जुनी झाली होती, मम्प्स जाणणारे म्हातारे होत चालले होते, आणि सैन्यदलाने तीच नवी प्रणाली आधी निवडलेली असल्याने सैनिकाची नोंद शेवटपर्यंत एकच राहील, असा हिशेब होता. ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन इथे ती सुरू झाली. जुलै २०२२ मध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. डॉक्टरांनी लिहिलेल्या अकरा हजारांहून अधिक सूचना जिथे जायला हव्यात तिथे न जाता एका 'अनोळखी रांगेत' जाऊन पडल्या होत्या, आणि अशी रांग आहे हे डॉक्टरांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यापायी १४९ रुग्णांना इजा पोचली.

एप्रिल २०२३ मध्ये नव्या प्रणालीचा पुढचा विस्तार थांबवण्यात आला. तोवर ती पाच रुग्णालयांत पोचली होती. बाकीच्या ठिकाणी सकाळच्या फेरीला निघालेले डॉक्टर जुन्या गालगुंडातच नोंदी करत राहिले.