कांचेंतलें सरोवर

शतपथ ब्राह्मणांत मनूची व माशाची जी कथा आली आहे ती बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. प्रातःकाळीं हात धुतांना मनूच्या ओंजळींत एक चिमुकला मासा आला आणि त्यानें अभय मागितलें. मोठे मासे लहानांस गिळतात, हें त्याचें भय. मनूनें त्यास आधीं घागरींत ठेवलें, घागर पुरेना तेव्हां खड्डा खणून त्यांत सोडलें, आणि शेवटीं समुद्रांत नेऊन पोंचविलें. पुढें प्रलयकाळीं त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली, एवढा भाग सर्वांच्या स्मरणांत राहतो. परंतु मासे पाळूं इच्छिणाऱ्यास कथेचा पूर्वार्धच अधिक उपयोगाचा आहे. भांडें केवढें असावें हें मासा ठरवितो, एवढें मनूला कळलें होतें.

त्या घागरींतील पाण्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न मात्र मनुष्यानें फार उशिरां विचारला. त्याच्या उत्तराचा इतिहास पुरता दोनशें वर्षांचाहि नाहीं. आफ्रिकेच्या सरोवरांतील रंगीबेरंगी सिक्लिड मासे आज आपल्याकडेहि अनेक दिवाणखान्यांत मोठमोठ्या कांचेच्या टांक्यांतून खेळतांना दिसतात. ते कां जगतात आणि कित्येकदां सारेच्या सारे दोन दिवसांत कां मरतात, हें समजून घेण्यास हा इतिहास पाहणें अवश्य आहे.

१८२९ सालीं लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना असें आढळलें कीं, बंद बरणींतील ओलसर मातींत उगवलेलें नेच्याचें रोप बाहेरून पाणी न घालतां वर्षानुवर्षें जगतें. १८३२ च्या सुमारास सिसिलींतील मेसिना येथें झान व्हिलप्र-पॉवर या विदुषीनें समुद्रांतील प्राण्यांचा अभ्यास करण्यासाठीं कांचेचीं पात्रें तयार करविलीं. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला व कांच स्वस्त झाली. अशी सर्व सामग्री जुळून आल्यावर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ सालीं सुमारें ५४ लिटर पाण्याचें एक कांचपात्र घेतलें आणि त्यांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. मासे जो कर्बवायु सोडतात तो वनस्पति घेते, आणि वनस्पति जो प्राणवायु देते त्यावर मासे जगतात, असा त्याचा हिशेब होता. कांहीं दिवसांनीं कुजलेल्या पानांनीं पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें तीं पानें खाण्यासाठीं गोगलगायी आणून सोडल्या, आणि पाणी पुन्हां निवळलें. १८५० च्या मार्च महिन्यांत त्यानें हा प्रयोग प्रसिद्ध केला.

मासा, वनस्पति आणि गोगलगाय या त्रयीची कल्पना फार मोहक होती. तिच्यांत सृष्टीच्या सुव्यवस्थेचें एक छोटें चित्र दिसत होतें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरिअम’ हा ग्रंथ निघाला. पाहतां पाहतां इंग्लंडांतील मध्यमवर्गाच्या घरोघरीं कांचपात्रें आलीं. परंतु त्यांतील पुष्कळांचा शेवट दुर्गंधींत झाला. त्रयीचा नियम पाळूनहि मासे मरत. वॉरिंग्टनच्या हिशेबांत दोन वायूंचा जमाखर्च बरोबर मांडला होता; माशांच्या मलमूत्राचें व उरल्या अन्नाचें काय होतें, हा रकाना तेवढा कोराच राहिला होता.

हा दोष व्यवहारांत प्रथम हेरला तो विल्यम आल्फर्ड लॉइड या मत्स्यालयें उभारणाऱ्या गृहस्थानें. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्यानें जें मत्स्यालय रचलें त्यांत प्रेक्षकांस दिसणाऱ्या टांक्यांच्या कित्येक पट पाणी खालच्या अंधाऱ्या हौदांत सांठविलेलें असे, आणि तें पंपानें अहोरात्र फिरत राही. पाणी पुष्कळ हवें आणि तें वाहतें हवें, हें लॉइडनें अनुभवानें ओळखलें. कारण मात्र अद्याप कोणास सांगतां येत नव्हतें.

तें कारण माशांशीं कांहींच संबंध नसलेल्या ठिकाणीं सांपडलें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युंत्झ या दोघा शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडीची पूड भरलेल्या लांब नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपूं दिलें. पहिले वीस दिवस कांहीं घडलें नाहीं. वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर येई. नंतर तो कमी होत होत नाहींसा झाला, व त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया थांबली. अर्थात् वाळूंत कांहीं तरी सजीव होतें, आणि तें अमोनिया खाऊन जगत होतें. १८९० च्या सुमारास सेर्गेइ विनोग्राद्स्की यानें झुरिक येथें हे सूक्ष्मजंतु वेगळे काढून दाखविले. एका वर्गाचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या वर्गाचे नायट्राइटचें नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही माशांस जालीम विषें आहेत. नायट्रेट त्या मानानें पुष्कळ सौम्य.

या इतिहासांत एक योग असा आहे कीं, तो कादंबरींत आला असता तर कृत्रिम वाटला असता. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें याच सुमारास शेतजमिनींतील या दोन पायऱ्यांच्या क्रियेवर वर्षानुवर्षें प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाचें नांवहि रॉबर्ट वॉरिंग्टन होतें. तो कांचपात्राच्या त्या जनकाचाच पुत्र. पित्याच्या हिशेबांत जो रकाना कोरा राहिला होता तो भरण्याच्या कामास पुत्राचा हात लागला; फक्त तो कांचपात्रावर न लागतां शेताच्या मातीवर लागला.

आतां आफ्रिकेकडे वळूं. १८५८ सालीं बर्टन व स्पीक टांगानिका सरोवराच्या कांठीं पोंचले, आणि त्याच वर्षीं स्पीकनें एकट्यानें पुढें जाऊन व्हिक्टोरिया सरोवर पाहिलें. १८५९ च्या सप्टेंबरांत लिव्हिंग्स्टन न्यासा सरोवरापाशीं पोंचला. यासच आज मलावी म्हणतात. त्याचा सहकारी जॉन कर्क यानें तेथील मासे गोळा करून लंडनला पाठविले, आणि १८६४ सालीं गुंथर यानें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच १८६४ सालीं, न्यासा सरोवरांत चालविण्यासाठीं बांधलेली ‘लेडी न्यासा’ ही आगबोट लिव्हिंग्स्टननें स्वतः हांकीत मुंबई बंदरांत आणली. तिला तें सरोवर कधींच दिसलें नाहीं. तेथील माशांना मात्र शंभर वर्षांनीं जगभरच्या घरांतून जागा मिळाली.

सिक्लिड हें एका विशाल मत्स्यकुलाचें नांव. कोंकण-गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर हा त्याच कुळांतला. परंतु या तीन सरोवरांत त्या कुळाचा जो विस्तार झाला आहे त्यास प्राणिसृष्टींत तोड सांपडणें कठीण. ब्रिटिश म्यूझियममधील एथेलविन ट्रेवावास या विदुषीनें १९३५ सालीं न्यासांतील सिक्लिडांची पद्धतशीर सूची केली. आज एका मलावींतच त्यांच्या पांचशेंहून अधिक जाती मानल्या जातात. कोणी खडकावरील शेवाळ खरवडून खातो, कोणी वाळू चाळतो, कोणी दुसऱ्यांचीं पिलें गिळतो. बहुतेक जातींत मादी अंडीं तोंडांत धरून सुमारें तीन आठवडे उपाशीं राहते. लिव्हिंग्स्टनचें नांव लाभलेली एक जाति तर वाळूवर मेल्याचें सोंग घेऊन पडते आणि कुतूहलानें जवळ आलेल्या लहान माशांस मटकावते. बकध्यान केवळ बगळाच करतो असें नाहीं!

असा मत्स्यसमाज एका टांकींत नांदवावयाचा म्हणजे प्रत्यक्ष मात्स्यन्यायाशींच गांठ. सिक्लिडांतील नर आपली हद्द आंखून घेतो व तींत शिरणाऱ्यास ठार करण्यासहि कमी करीत नाहीं. मासे थोडे ठेवले तर एक बलवान् उरलेल्यांचा एकेक करून नाश करतो. अनुभवानें लोकांनीं यावर जो उपाय काढला तो वरवर विचित्र वाटेल. टांकी मोठी घ्यावी, दगडांच्या कपारी भरपूर रचाव्या, आणि मासे नेहमींपेक्षां अंमळ दाटच ठेवावे. म्हणजे राग एकावर न सांचतां अनेकांत वांटला जातो. परंतु या उपायाचें मोल पाण्यास द्यावें लागतें. दाट वस्ती म्हणजे पुष्कळ मल, आणि पुष्कळ मल म्हणजे पुष्कळ अमोनिया.

येथेंच आफ्रिकेच्या या माशांची खरी अडचण आहे. त्यांच्या सरोवरांचें पाणी अल्कधर्मी. मलावीच्या पाण्याचा सामू साधारण आठच्या आसपास असतो, टांगानिकाचा त्याहूनहि अधिक, नऊच्या जवळ. आपल्या घरांत जें जड पाणी डाळ लवकर शिजूं देत नाहीं, तें यांना मानवतें. म्हणून टांकींत चुनखडीचे दगड किंवा पोंवळ्याची वाळू घालतात. पण अमोनियाचीं पाण्यांत दोन रूपें असतात, एक बरेंचसें निरुपद्रवी व एक विषारी. सामू सातावरून आठावर गेला कीं विषारी रूपाचें प्रमाण सुमारें नऊपट होतें. सोनेरी माशांच्या टांकींत जी चूक खपून जाते ती येथें एका रात्रींत प्राण घेते.

म्हणून मोठी टांकी निरोगी राखण्याचें शास्त्र बहुतांशीं या अदृश्य जंतूंची निगा राखण्याचें शास्त्र आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टांकींत सुमारें ६८० लिटर पाणी मावतें. एवढ्या पाण्यास साजेसा फिल्टर म्हणजे या जंतूंचें घरकुल. नवी टांकी भरतांच तींत मासे ओतणारा गृहस्थ श्लोझिंग व म्युंत्झ यांचे ते वीस दिवस विसरतो. जंतूंची वस्ती होण्यास तीन ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढी वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखालीं घांसून लख्ख केला कीं स्वच्छतेच्या नादांत ही वस्तीच उठते. तो टांकींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा. वीज जाऊन पंप कांहीं तास थांबला तर प्राणवायूवांचून जंतु गुदमरतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मासे.

उरलेलें नायट्रेट काढून टाकणारा कामकरी टांकींत कोणी नसतो. तें काम मनुष्याचें. आठवड्यास चौथा ते तिसरा हिस्सा पाणी काढावें व तितकेंच, क्लोरीन घालविलेलें व त्याच उष्णतेचें, पाणी भरावें. सरोवरांत हें काम पाण्याच्या अफाट विस्तारानें होतें. टांकींत तें बादलीनें करावें लागतें. खाणें कमी घालावें. शेवाळ खाणाऱ्या माशांचें आंतडें लांब असतें. त्यांस मांसल अन्न चारलें तर पोट फुगून ते मरतात. आपल्याकडे पाहुण्यास आग्रहानें वाढणें हा सद्गुण समजला जातो. कांचपात्रापुरता तो आवरता घेतलेला बरा.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. दिवाणखान्याची शोभा एवढेंच उत्तर असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. मनुष्यानें माशांस एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत नेलें आणि त्याचे परिणाम त्याच्या हाताबाहेर गेले, याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. आफ्रिकेंतील सिक्लिडच असलेला तिलापिया १९५२ सालीं भारतांत आणला गेला, आणि आज उजनीच्या जलाशयांत तो ‘चिलापी’ या मराठी नांवानें घरच्यासारखा नांदतो. टांकींतला नकोसा मासा नदींत किंवा तळ्यांत सोडणें हें पुण्यकर्म नव्हे, हें सांगण्यास एवढा दाखला पुरे.

याहून मोठी शोकांतिका व्हिक्टोरिया सरोवराची. तेथें अवघ्या पंधरा-सोळा हजार वर्षांत सिक्लिडांच्या सुमारें पांचशें जाती निर्माण झाल्या असें मानतात. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या सरोवरांत नाईल पर्च हा दोन मीटरपर्यंत वाढणारा मांसाहारी मासा सोडण्यांत आला. मासेमारी वाढावी हा हेतु, आणि ती वाढलीहि. परंतु १९८० नंतरच्या दशकांत सिक्लिडांच्या सुमारें दोनशें जाती नाहींशा झाल्या असाव्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जे उरले त्यांच्यावर दुसरें संकट आलें. कांठच्या शेतांतून व शहरांतून वाहून आलेल्या मळानें पाणी गढुळलें. या माशांत मादी नराचा रंग पाहून आपली जात ओळखते. गढूळ पाण्यांत रंग दिसेना, आणि जाती एकमेकींत मिसळून पुसट होऊं लागल्या. १९९७ सालीं सीहाउझेन प्रभृति संशोधकांनीं हें दाखवून दिलें.

अशा वेळीं कांचेच्या टांकीस तिच्या जनकांनीं कल्पिलें नव्हतें असें काम येऊन पडलें. व्हिक्टोरियांतील कांहीं जातींचे मासे संशोधकांनीं आधींच आणून ठेवले होते. १९९३ पासून अमेरिकेंतील मत्स्यालयांनीं संगनमतानें त्यांची वंशवृद्धि चालविली. ज्या जाती सरोवरांत दिसेनाशा झाल्या त्यांपैकीं कांहीं आज केवळ अशा टांक्यांतूनच पिढ्यामागून पिढ्या जगत आहेत. घरगुती टांकी बाळगणारा प्रत्येक जण कांहीं अशा दुर्मिळ जातीचा राखणदार नसतो. तरी अमोनिया, सामू आणि जंतूंची वस्ती यांचे नियम दोन्हीकडे तेच. आणि ज्यानें घरच्या टांकींत हे नियम पाळले आहेत, त्याला सरोवर कशानें मरतें हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. व्हिक्टोरियाचें पाणी निवळून हे मासे परत जातील कीं नाहीं, हें तेथील लोकांच्या व सरकारांच्या हातीं आहे. तोंवर त्यांचा वंश टिकणें हें कोणी तरी दर आठवड्यास न चुकतां बादली उचलण्यावर अवलंबून राहणार.