पॅकेटच्या पाठीवरचं इंजिन

भारतीय हवाई दलाच्या फेअरचाइल्ड पॅकेट विमानाचा विषय निघाला, की जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी ते लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला कसं उतरवलं, हे सांगितलं जातं. साडेसोळा हजार फुटांवरच्या त्या धाडसाला तोड नाही. पण १९५४ मध्ये आलेलं हे मालवाहू विमान १९८०च्या दशकापर्यंत उडत राहिलं आणि अमेरिकेतलं त्याचं उत्पादन तर १९५५ मध्येच थांबलं होतं. कारखाना बंद पडल्यावरही विमान इतकी वर्षं चालतं ते सुट्या भागांच्या जोरावर. पॅकेटचा इतिहास म्हणूनच वैमानिकाच्या आसनाइतकाच भांडारातल्या फडताळांवरही शोधायला हवा.

पॅकेटची दोन्ही इंजिनं राइट आर-३३५० जातीची होती. एकेका इंजिनात नऊ-नऊच्या दोन रांगांत अठरा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाचे फक्त प्लगच बहात्तर. त्यात हिमालयातली विरळ हवा. भरल्या विमानाचं एक इंजिन दरीत बंद पडलं, तर दुसऱ्याच्या बळावर वर येणं अवघड. म्हणून विमानाच्या पाठीवर जेट इंजिन बसवण्याचा मार्ग निघाला आणि त्यासाठी ऑर्फियस वापरलं गेलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ब्रिटिश रचनेचं हे इंजिन नॅट आणि मारुत या लढाऊ विमानांसाठी बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये परवान्याखाली तयार होत होतं. ज्या इंजिनाच्या भरवशावर दरी ओलांडायची, त्याचे भाग आणि त्याची दुरुस्ती देशातच होती.

यावर कुणी म्हणेल, मूळ दोन इंजिनं तर अमेरिकीच राहिली, मग यात स्वावलंबन कसलं? आक्षेप रास्त आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही लष्करी पुरवठा रोखला आणि सुट्या भागांच्या विक्रीची वाट १९६७ मध्ये थोडी मोकळी केली, तेव्हा हे परावलंबित्व उघडच झालं. पाठीवरच्या जेटने ते संपलं नाही. पण सगळे भाग परक्याच्या हाती असणं आणि जिवावर बेतणाऱ्या क्षणी लागणारं इंजिन तरी घरचं असणं, यांत फरक आहे. आणि पॅकेट पुढेही कामाला येत राहिलं: डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात टांगाईलला छत्रीसैनिक उतरवणाऱ्या विमानांत तेही होतं.

पॅकेटनंतर आलेल्या एएन-३२ या मालवाहू विमानांची गोष्टही याच अंगाने वाचावी. त्यांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला. काही विमानं तिकडे आणि उरलेली कानपूरला हवाई दलाच्या डेपोत सुधारायची होती. २०१४ मध्ये युक्रेन आणि रशियात संघर्ष पेटला, तिकडून येणारे भाग अडले आणि कानपूरचं काम रखडलं.